मेळघाट : माहेरच्या बाळंतपणात जन्मवजन हुकतं, काय करावं?

प्रश्न (धारणीकर): गरोदर बायांची नोंद करून मुलांचं वजन-लांबी 2 वर्षांपर्यंत मोजायची आहे. पहिलटकरणी माहेरी जातात, दिवाळीनंतर घरं मजुरीला बाहेर. जन्मवजनाचा रकाना रिकामाच राहतो.

वऱ्हाडी_नोंदवही: नोंदणीच्याच दिवशी माहेरचं गाव, भावाचा मोबाइल नंबर, तिथल्या आशाताईचं नाव लिहून घ्या, सातव्या महिन्यात पुन्हा विचारा. वजन 72 तासांच्या आत, बाळ उघडं, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन घटतं, म्हणून शेजारी वेळही हवी. आकड्यांत 2500 ग्रॅमचा ढीग दिसला की समजा, काटा वाचलाच नाही, अंदाज लिहिला.

आकडेमोड: भाऊ, त्याआधी शेवटच्या पाळीची तारीख. ती चुकली की कमी दिवसांचं बाळ आणि पोटातच खुरटलेलं बाळ वेगळं करता येत नाही. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा, आणि 14 आठवड्यांच्या आत सोनोग्राफी. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 ला सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात तर गर्भ राहण्याआधीपासून दर महिन्याला पाळीची तारीख घेत. खर्चिक, पण त्याला तोड नाही.

धारणीकर: आणि बाहेर गेलेली मुलं?

वऱ्हाडी_नोंदवही: एक फेरी होळीला लावा, कोरकू कुटुंबं तेव्हा गावी परततात. वय महिन्यांत नको, दिवसांत लिहा. लांबी झोपवून, दोघांनी घ्या: एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करून लांबी मोजायच्या फळीची सरकती पाटी टाचांना लावायची. हुकलेल्याला ‘बाद’ लिहू नका, पुढच्या फेरीत तो सापडतो. काटा रोज सकाळी 5 किलोच्या वजनानं तपासा. घाटातल्या हादऱ्यांनी बिघडतो.