स्नॅपशॉटला 'क्षणचित्र' चालेल का?

ऐरोली_रात्रपाळी: महापेच्या डेटा सेंटरमधल्या नवीन पोरांसाठी ट्रेनिंगची पुस्तिका मराठीत करतोय. व्हर्च्युअल मशीनचा (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरचा) एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी स्थिती, पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकायच्या आधी घ्यायचा, एक नंतर, मग दोन्ही रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचता येतील असे जोडून) फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) जुळवायचे आणि काय बदललं ते काढायचं, असा धडा आहे. मी 'क्षणचित्र' लिहिलं तर तपासणारे सर म्हणाले हे काय लग्नसमारंभ आहे का. काय लिहू?

नौपाडकर: सरांचं बरोबर आहे. क्षणचित्रे म्हणजे पेपरातली चौकट, कोणता पाहुणा डुलक्या घेत होता वगैरे. 'स्थितिचित्र' करा.

वाशी_शुद्धपक्ष: साधा आपला 'प्रत' शब्द काय वाईट आहे?

ऐरोली_रात्रपाळी: प्रत नाही ना ती! स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क आहे तशी गोठते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलीत जातं. प्रत म्हटलं की लोक बॅकअप समजून महिनोन्महिने ठेवतात, डेल्टा फुगत जाते, आणि मूळ डिस्क गेली की दोन्ही गेलं. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारे व्हीएमवेअरवालेच सांगतात एक स्नॅपशॉट ७२ तासांच्या वर ठेवू नका.

घोडबंदर_ट्रॅफिक: शब्द सोडा हो, धड्यात गाळण्याचं लिहिलंय का? नुसतं जुळवलं तर पेजफाइल, टेम्प, लॉग, प्रीफेच असला ढीगभर कचरा निघतो आणि खरी गोष्ट, म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) रन कीमध्ये (लॉगिन केलं की आपोआप काय सुरू करायचं त्या यादीत) वाढलेली एक ओळ, ती त्यात दबून जाते. आणि फाइलीच्या तारखेवर भरवसा नको, तारीख मागे नेता येते. हॅशच बघा.

कळवेकर: स्नॅपशॉट = पंचनामा, जुळवणं = रुजुवात. आमचे आजोबा कचेरीत नकलेची असलशी रुजुवात घालायचे. शब्द तयार आहे, वापरा.

वाशी_शुद्धपक्ष: रुजुवात अरबी आहे.

कळवेकर: मग तफावत? फरक? अहो तुमचा 'बदल' पण अरबीच! पुस्तिकेचा विषयच हद्दपार करणार का?

वाशी_शुद्धपक्ष: रुळलेले शब्द वेगळे. सावरकरांनी तारखेला दिनांक दिला, तो रुळलाच की.

नौपाडकर: रुळला फक्त अर्जावर. घरी कोण विचारतं, आज दिनांक काय?

नेरूळ_पामबीच: पंचनामा अजिबात नको. तो नुकसान झाल्यावर होतो. इथे पहिला स्नॅपशॉट काही घडायच्या आधीचा लागतो, नाहीतर जुळवणार कशाशी. २६ जुलै २००५ नंतर आमच्याकडे तलाठी आले तोवर पाणी ओसरलेलं, फ्रिज धुऊन पुसून जागेवर, ते विचारतात पाणी कुठपर्यंत होतं, आम्ही भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली तर म्हणे ही जुनी कशावरून नाही.

कळवेकर: 😂 आमच्याकडेही सेम. पण आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी.

वाशी_शुद्धपक्ष: बघा, तिथे 'महसूल' अरबी ठेवलाच.

घोडबंदर_ट्रॅफिक: तलाठी शब्द तळ ठोकून बसणारा यावरून आलाय ना?

नौपाडकर: तळ ठोकून बसलेला तलाठी तुम्ही पाहिलाय? आम्ही तर कायम 'साहेब फिरतीवर आहेत' हेच ऐकलं.