दोन्ही लेकरं एकदम आजारी, रात्री कशा काढता?

मुक्ता_१४: मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा १४ महिन्यांचा. मोठी पाळणाघरात जायला लागली तसं घरातलं आजारपण हटेचना. तिचा ताप उतरला की त्याचा चढतो, आणि या वेळी तर दोघं एकदमच पडली. डॉक्टरांना दाखवलंय, व्हायरल म्हणाले. धाकटा औषध तोंडात घातलं की थुंकतो. परवा रात्री मी पॅरासिटामॉल दिलं आणि तासाभराने अर्धवट झोपेत नवऱ्यानेही दिलं की काय, दोघांनाही आठवेना. डॉक्टरांना फोन करून विचारलं तेव्हा जीव भांड्यात पडला, पण पहाटेपर्यंत मी रडत होते. औषध पोटात जायला तुम्ही काय करता? आणि रात्री नेमकं बघायचं काय?

निशिगंध: अगं, आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. तेव्हापासून औषधांच्या डब्यालाच वही बांधली आहे. वेळ, औषध, किती मिली, कोणी दिलं. लिहिल्याशिवाय बाटलीचं झाकण लावायचं नाही. दोघांची पानं वेगळी ठेव.

बाटलीवरची ताकदही बघ. पॅरासिटामॉलच्या ५ मिलीत कुठे १२० मिग्रॅ असतं, कुठे २५०. थेंबांचं औषध तर त्याहून कडक, १ मिलीतच १०० मिग्रॅ. बाटली बदलली की जुना अंदाज चालत नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणून दोघांचं आताचं वजन सांगून डॉक्टरांकडून मिलीत लिहून घे.

थुंकण्यावर उपाय म्हणजे बिनसुईची सिरिंज. बाळाला उभं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. थेट घशात सोडू नकोस, ठसका लागतो.

रानफूल: ताप चढला की आम्ही बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, लगेच उतरतो.

परिचारिका_मी: रानफूल, कृपया बर्फ नको. गार पाण्याने मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने अंगात उष्णता आणखी वाढते. कपडे हलके ठेवा, तेवढं पुरे.

मुक्ताताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. ३९ अंश ताप असूनही औषधानंतर खेळणारं मूल मला कमी काळजीचं वाटतं. ताप ३८ च असेल, पण मूल मलूल पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, तर थांबू नका. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं मात्र वेगळं. त्याला ३८ ताप आला की लगेच डॉक्टर.)

रात्री श्वास मोजा. मूल शांत झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना दाखवायचंच. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

दुसरी खूण लघवी. आठ तास डायपर कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तर शरीर सुकतंय. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस चमच्याने, दोन-दोन मिनिटांनी. पेलाभर एकदम दिलं की पुन्हा उलटतं.

तापात झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका. थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

दोघांचा_बाबा: आम्ही रात्र वाटून घेतो. दोनपर्यंत मी, पुढे ती. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं, बघायला उठायचं नाही. आणि गाढ झोपलेल्या मुलाला नुसता ताप मोजायला उठवत नाही.

मुक्ता_१४: काल वही सुरू केली. धाकट्याचे श्वास ३२ भरले. चुकलं असेल म्हणून तीनदा मोजले. सिरिंजने औषधही गेलं, थोडं सांडलं. मोठीला सकाळपासून ताप नाही, पण खोकला आहे. पाळणाघरात कधी पाठवू?

परिचारिका_मी: औषध न देता २४ तास ताप नसला आणि ती नेहमीसारखी खेळत-खात असली की पाठवा. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढ्यासाठी घरी ठेवायला नको. खोकला कमी होता होता पुन्हा ताप चढला तर मात्र परत दाखवा.