डाळिंबाच्या सालीचे कार्बन डॉट: 'चमकणारे' म्हणायचं की अजून काही?

भाचीचा मामा: भाची इथं सोलापुरातच एमएस्सी करालीय, प्रोजेक्ट आहे डाळिंबाच्या सालीपासून कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. साल वाळवून पूड करायची, पाण्यात कालवून टेफ्लॉनचं भांडं बसवलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये घट्ट बंद करायची आन ओव्हनला 180 अंशाच्या आसपास काही तास ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून गाळ वेगळा करून), गाळून जे तपकिरी पाणी उरतं ते यूव्ही टॉर्चखाली धरलं की निळंशार. पोस्टर मराठीत करायचंय. 'ल्युमिनेसंट' (स्वतः उजेड देणारे) याला तिनं 'चमकणारे' लिहिलंय, चालंल काय?

फिजिक्सवाला: नको. चमकतं ते पितळेचं भांडं, बाहेरचा उजेड परतवून. हे कण यूव्ही शोषतात, थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली निळा प्रकाश होऊन बाहेर पडते, म्हणून रंगही बदलतो. एकूण प्रकाराला दीप्ती म्हणा. टॉर्च बंद करताच विझतं ते अनुस्फुरण, नंतरही रेंगाळतं ते प्रस्फुरण. तुमचं अनुस्फुरण.

बार्शीकर: 'अनुस्फुरक' वाचून पोस्टरपुढं कोण थांबणार ओ! आन कुणी 'स्फुरदीप्ती' सुचवायच्या आधीच सांगतो, हितं स्फुरद म्हटलं की खताचं पोतंच आठवतंय. कार्बनला 'कर्ब' मात्र बिनधास्त वापरा, माती परीक्षणाच्या रिपोर्टात सेंद्रिय कर्ब सगळ्यांनी वाचलेला असतोय. नॅनोपण राहू दे, नॅनो युरियामुळं पाठ झालाय, त्याचं 'अब्जांश' (अब्जावा भाग) कशाला.

भाचीचा मामा: कर्बकण म्हणजे काजळी वाटणार नाही का?

फिजिक्सवाला: वाटू दे की, 2007 साली मेणबत्तीच्या काजळीपासूनच नायट्रिक ॲसिड वापरून असले कण केलेत. फरक एवढाच की साधी काजळी पाण्यावर तरंगते, आणि हे 10 नॅनोमीटरच्या आतले, पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट असतात म्हणून पाण्यात छान मिसळतात. नावाला 'क्वांटम' मात्र उगाच चिकटवू नका, त्यातून दीप्ती कणाच्या इवल्या आकारामुळं येते असा अर्थ निघतो; पुष्कळदा दीप्ती त्या पृष्ठभागामुळं किंवा शिजताना तयार झालेल्या रेणूंमुळंच असते.

बार्शीकर: 'ग्रीन सिंथेसिस'चं (म्हणजे घातक रसायनं टाळून बनवण्याचं) 'हरित संश्लेषण' केलं असंल तर तेपण काढा. लोक हिरवा उजेड शोधत बसतील, आन दिसणार निळा 😄

भाचीचा मामा: केलंय की तिनं! मग 'डाळिंबाच्या सालीपासून अनुस्फुरक कर्बकण', आन खाली बारीक अक्षरात 'यूव्हीखाली निळे उजळणारे'?

बार्शीकर: उलटं करा. उजळणारे वर, मोठ्या अक्षरात.