नोकऱ्यांचं सोडा, आधी आवाजाचं बघा
वरती एकाने लिहिलंय की एआयचा खरा धोका म्हणजे नोकऱ्या जाणं, बाकी सगळा बागुलबुवा. अहो बागुलबुवा कसला, आमच्या परळच्या मावशीला गेल्या महिन्यात भरदुपारी फोन आला, आवाज हुबेहूब तिच्या मुलाचा, रडत रडत, "मम्मी ॲक्सिडेंट झालाय, लगेच चाळीस हजार टाक"... मावशीने गॅसवरची डाळ तशीच सोडून यूपीआय उघडलं पण होतं, मग ट्यूब पेटली की हा मेला जन्मात कधी मम्मी म्हणाला नाही, आये म्हणतो! वाचली. (डाळ करपली ती वेगळीच.)

आणि एआयने असा कुणाचा आवाज हुबेहूब बनवायला फार काही लागत नाही हो, मायक्रोसॉफ्टने २०२३ लाच ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज बनवणारं व्हॉल-ई दाखवलं होतं, आपण एका रीलमध्ये त्याहून जास्त बडबडतो. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिनचा खोटा व्हिडिओ गेमिंग ॲपच्या जाहिरातीत फिरला, त्याला स्वतःला सांगावं लागलं की हे खोटं आहे. त्याचं लोक ऐकतात तरी, मावशीचं कोण ऐकणार?

आम्ही आता घरात एक परवलीचा शब्द ठरवलाय, कुठला ते इथे लिहीत नाही :) आणि पैसे गेलेच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) तिथल्या तिथे फोन लावा, उद्या बघू म्हणत बसलात की पैसे या खात्यातून त्या खात्यात सरकलेच समजा.