मेलबर्न आणि सिडनी : एप्रिलमध्ये आई-वडिलांसह दहा दिवस

प्रश्न :
येत्या एप्रिलमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन मेलबर्न आणि सिडनीला जाण्याचा बेत आहे. दोघेही शाकाहारी आहेत आणि गुडघेदुखीमुळे वडिलांना फार चालवत नाही. मेलबर्नजवळचा समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड एका दिवसात उरकावा की तेथे मुक्काम करावा? जेवणाची सोय कशी होते आणि घेण्याजोगे तेथे खरोखर काय मिळते, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
मुक्कामच करावा. किनाऱ्याच्या रस्त्याने, वाटेत थांबत ट्वेल्व्ह अपॉस्टल्स (‘बारा प्रेषित’) या समुद्रातील खडकांच्या सुळक्यांपर्यंत पोहोचण्यातच बहुतेक दिवस जातो. त्याच रात्री मेलबर्नला परतायचे म्हटले, तर वडिलांच्या वाट्याला समुद्रापेक्षा गाडीतले बसणेच अधिक येईल. अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेल येथे रात्र काढावी. मेलबर्नहून जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, त्यामुळे आईंना डावीकडची खिडकी द्यावी. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात हा रस्ता बांधला, हे ठाऊक असले की तो निराळाच दिसतो. सुळके मात्र मोजत बसू नये. ते बारा कधीच नव्हते आणि त्यांपैकी एक २००५ मध्ये कोसळला.

मेलबर्नच्या मध्यभागात ट्राम मोफत आहे. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी व बुधवारी बंद असते; इतर दिवशी तेथे पालक आणि चीज भरलेला गरम बोरेक जरूर खावा.

प्रतिसाद २ :
सिडनीत जेवणाची चिंता नको. हॅरिस पार्क स्थानकाजवळच्या विग्रम स्ट्रीटवर डोशापासून चाटपर्यंत सारे मिळते. बंदरातील महागड्या सहलीऐवजी सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅनलीची साधी फेरीबोट पकडावी. ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज दोन्ही बसल्या जागेवरून दिसतात. गुड फ्रायडे आणि २५ एप्रिलचा अ‍ॅन्झॅक दिन आपल्या तारखांत येतो का, हे आधी पाहावे, कारण त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात आणि उघड्या उपाहारगृहांत बहुधा अधिभार लागतो.

प्रतिसाद ३ :
खरेदीत मेरिनो लोकरीला माझी पहिली पसंती. ओपल हे रत्न घेताना ते अखंड आहे की डब्लेट, म्हणजे खाली दुसरा थर चिकटवलेली पातळ चकती, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. एकाच विक्रेत्याकडे किमान ३०० डॉलरची खरेदी निघण्यापूर्वीच्या ६० दिवसांत झाली असेल, तर विमानतळावर जीएसटी, म्हणजे किमतीचा अकरावा हिस्सा, परत मिळतो. वस्तू हातसामानात ठेवावी.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईने मेथीचे लाडू न्यायचे ठरवले आहे. ते चालतील का?

प्रतिसाद ३ :
विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे ‘होय’ अशी खूण करावी. अधिकाऱ्यांना योग्य वाटले नाही, तर लाडू तेवढे जातील. परंतु न सांगता नेले, तर मोठा दंड होऊ शकतो.