वर्गात 'वर्ग' शिकवताना माझंच चुकलं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात अकरावीला समाजशास्त्र शिकवते. सामाजिक वर्ग आणि सांस्कृतिक भांडवल (म्हणजे घरातून मिळालेलं वाचन, बोलणं-चालणं, वावर, जे पुढे पैशासारखं कामी येतं), एवढंच शिकवायचं होतं. पण 'वर्ग' म्हटलं की पोरं म्हणतात अकरावी ब. 'सांस्कृतिक' म्हणजे गॅदरिंग. आणि मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न, "मॅडम, म्हणजे जातच ना?"

म्हणून गेल्या आठवड्यात इंटरनेटवर वाचलेला एक खेळ घेतला. सगळे एका रेषेत. घरात पुस्तकांचं कपाट असेल तर एक पाऊल पुढे. आईवडिलांपैकी कुणी कॉलेजला गेलं असेल तर पुढे. बँकेत साहेबाशी बोलताना घरचे बिचकत नसतील तर पुढे. दहा प्रश्न झाले तेव्हा सदर बझारची दोन मुलं फळ्याला टेकली होती आणि माण तालुक्यातून आलेली एक मुलगी होती तिथंच उभी. कुणीतरी हसलं. पुढचे दोन दिवस ती आलीच नाही. संकल्पना मात्र सगळ्यांना चोख कळली, तेच जास्त बोचतंय.

कुणाचं घर चव्हाट्यावर न आणता हे कसं शिकवता तुम्ही?

निवृत्त_मास्तर: ताई, मुलांची घरं बाजूला ठेवा, गावातलंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. वडील लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत शिकवलेले. घरात वाचन, पाठांतर, शिस्त. सांस्कृतिक भांडवलाची कल्पना मांडणारा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला अंगात मुरलेलं भांडवल म्हणतो ते भरपूर. तरी शाळेत कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर. एवढं सांगून गप्प बसा. जात आणि वर्ग एकच का, यावर पोरंच भांडतील.

खटावची_लेक: 'यांच्याकडे काहीच नाही' असा सूर तेवढा लागू देऊ नका. माझे वडील पुसेगावच्या यात्रेत खोंडाचे दात बघून वय सांगायचे. त्याला मार्क कोण देणार? शाळा ठरावीक घरातलं बोलणं-चालणं मोजते आणि त्यालाच हुशारी म्हणते, बोर्द्यूचं म्हणणं हेच आहे ना? मी 'आनि', 'पानी' म्हणायचे, म्हणून उत्तर येत असूनही वर्षभर हात वर केला नाही. पण नुसतं कौतुकही नको. खोंडाचे दात प्रवेशाच्या मुलाखतीत उपयोगी पडत नाहीत, हेही सांगा.

चहा_बिस्किट: मी दोन काल्पनिक मुलं उभी करते. दहावीला दोघांनाही ८५ टक्के. मग प्रवेशाचा दिवस. फॉर्म कुणी भरला, शाखा कुणी सुचवली, दाखला कमी पडला तेव्हा फोन कुणाला केला? मुलं आपापल्या घरचंच सांगतात, पण नाव त्या काल्पनिक मुलाचं असतं. लपायला जागा राहते.

मूळ लेखिका: प्रवेशाचा दिवस सोमवारी घेतेच, आंबेडकरांचा दाखला त्यानंतर. मास्तर, गोणपाटाचा प्रसंग माहीत होता, पण या धड्याला जोडायचं सुचलं नव्हतं. आता त्या मुलीचं काय करू? काल आली, खाली मान घालून बसली होती. विषय काढू की तसंच सोडू?

खटावची_लेक: काढा, पण वर्गासमोर नको. 'खेळ माझा चुकला' एवढंच म्हणा. समजूत घालत बसू नका, आम्हाला त्याचाच जास्त राग यायचा.