आंद्रे ३०००चा फ्लूटवाला अल्बम रॅपच्या फॅनने ऐकायचा कसा?

जुनी_कॅसेट
आउटकास्ट, म्हणजे आंद्रे आणि बिग बॉय यांची रॅप जोडी, माझा जीव की प्राण, १९९८चा ‘अॅक्वेमिनाय’ आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. २००६च्या ‘आयडलवाइल्ड’नंतर आंद्रेच्या पूर्ण अल्बमची सतरा वर्षं वाट बघितली, मधेच कुणाच्या तरी गाण्यात त्याची एखादी वर्स (रॅपचं कडवं) यायची आणि मग महिनाभर तेवढीच लावून बसायचो. आणि नोव्हेंबर २०२३ला आला काय तर ‘न्यू ब्लू सन’, आठ ट्रॅक, ८७ मिनिटं, रॅपचा एक शब्द नाही, सगळी फ्लूट आणि सिंथ आणि घंटांचे आवाज. दहाव्या मिनिटाला बंद केला, तो आजतागायत परत लावला नाही, इतकं वाईट वाटलं होतं.
आता मनापासून परत ऐकायचाय. हा हिपहॉपवाल्याचा अल्बम म्हणून ऐकू, जॅझ म्हणून की अँबियंट (मागे संथ वाजत राहणारं, वातावरण उभं करणारं संगीत) म्हणून? आणि सुरुवात कुठून करू?

बेसलाइन
दहाव्या मिनिटाला बंद केलास म्हणजे पहिला ट्रॅकही पुरा झाला नव्हता, तो १२ मिनिटं २० सेकंदांचा आहे :) बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत आलेलं सगळ्यात लांब गाणं ठरलं होतं ते, ९० नंबरवर आलं, त्याआधीचा रेकॉर्ड टूल या रॉक बँडचा होता. आणि त्या ट्रॅकचं लांबलचक नावच वाच ना, मला खरंच रॅप अल्बम करायचा होता पण यावेळी वाऱ्याने मला इकडेच आणलं, अशा अर्थाचं आहे. कव्हरवरही सूचना आहे की यात बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, नाहीत. माणसाने फसवलं नाहीये, दारातच सांगितलंय.
ऐकायचं कसं, तर बीट पडायची वाट बघू नकोस. आपण रॅप ऐकणाऱ्यांचा कान सतत "आता ड्रम येईल, आता वर्स सुरू होईल" म्हणून ताटकळत बसलेला असतो आणि इथे ते येतच नाही, मग चिडचिड होते. त्यापेक्षा आलाप ऐकतो तसं ऐक, बंदिश कधी येते याची घाई न करता. हे बरंचसं जागच्या जागी सुचत गेलेलं वाजवणं आहे, लॉस एंजेलिसचा पर्कशनिस्ट कार्लोस निन्यो सहनिर्माता आहे आणि त्याच्या वर्तुळातले लोक साथीला आहेत. त्यातला कीबोर्डवाला सूर्या बोटोफासिना तर जॅझवाल्या अॅलिस कोल्ट्रेनच्या कॅलिफोर्नियातल्या आश्रमात भजनं ऐकत लहानाचा मोठा झालाय! त्याचे कीज लक्ष देऊन ऐकलेस की हा संथपणा कुठून आला ते आपोआप कळतं.
सुरुवात हवाईतल्या रात्रीवरच्या ट्रॅकने कर, त्यात खालच्या पट्टीतली गुरगुर आहे, ती हेडफोनवर अंगावर येते.

उशिराची_लोकल
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. अल्बम मला आवडतो पण आंद्रेच्या फ्लूटसाठी नाही. फ्लूटवादक म्हणून तो अजून चाचपडतोय, एखादी छान ओळ सापडली की तीच धरून बसतो, आणि जिथे ट्रॅक खरा उचलला जातो तिथे नेट मर्सेरोची गिटार किंवा सूर्याचे कीज असतात. ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयरचं नॉमिनेशन मिळालं तेव्हा मला आनंद झाला पण हेही वाटलं की ते बरंचसं नावाला मिळालं, हाच अल्बम कुणा अनोळखी माणसाने काढला असता तर आपण इथे बोलत बसलो असतो का?
आणि एक जुनी खंत. जीक्यू मासिकाच्या मुलाखतीत तो म्हणाला होता की ४८व्या वर्षी मी रॅप कशावर करू, नजर कमी होतेय यावर? कोलोनोस्कोपीवर? अरे मग त्यावरच कर ना! रॅपर जे-झीने ‘४:४४’ हा अल्बम काढला तेव्हा तो ४७चा होता, आणि लग्नात केलेल्या चुका समोर मांडल्या. म्हातारं होत जाण्यावरचा रॅप अजून फार कुणी लिहिलेलाच नाही आणि तो लिहायला आंद्रेपेक्षा लायक माणूस मला दिसत नाही.

बेसलाइन
@उशिराची_लोकल फ्लूटबद्दल मान्य, तो उस्ताद नाहीये. पण रॅप करता येईना म्हणून तो फ्लूटकडे वळलेला नाही, त्याच २०२३च्या जूनमधे रॅपर किलर माइकच्या अल्बमवर त्याची वर्स आली आणि त्या गाण्याला दोन ग्रॅमी मिळाले. म्हणजे धार तशीच आहे, फक्त ८७ मिनिटं सांगण्यासारखं शब्दांत काही सापडत नाहीये, आणि नसताना ओढूनताणून लिहिलेला अल्बम मला तरी नको.
शिवाय हा माणूस आधीपासून असाच आहे. २००३मधे आउटकास्टच्या डबल अल्बममधला आपला अर्धा भाग, ‘द लव्ह बिलो’, त्याने जवळपास सगळा गाऊन काढला, फंक, जॅझ, पॉप, रॅप अगदी नावाला, तेव्हाही लोक विचारत होतेच की हे काय चाललंय, आणि तोच डबल अल्बम २००४ला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर झाला. १९९५च्या सोर्स अवॉर्ड्स या हिपहॉपच्या पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्कच्या पब्लिकने हुर्यो उडवली तेव्हा स्टेजवरून साउथकडेही (अमेरिकेच्या दक्षिण भागाकडेही) सांगण्यासारखं काही आहे म्हणणारा हाच, अटलांटाचा विशीतला पोरगा. समोरच्यांना काय हवंय ते बघून त्याने कधी काही केलंय असं मला आठवत नाही.

जुनी_कॅसेट
काल रात्री दिवे घालवून हेडफोन लावून सगळा ऐकला, एका बैठकीत. पहिली वीसेक मिनिटं जुनी सवय, बीट शोधत होतो, मग कधीतरी शोधणं थांबलं. ते गुरगुरणं भारी आहे, दोनदा मागे जाऊन ऐकलं. उशिराची_लोकलचंही पटतं, शेवटच्या लांब ट्रॅकमधे फ्लूटपेक्षा बाकीच्यांकडेच कान जात होता.
पण मधेच एका ठिकाणी फ्लूट वाजवताना तो श्वास घेतो तो ऐकू येतो, आणि मला एकदम त्याच्या वर्समधला श्वास आठवला, ओळ संपायच्या जरा आधी घेतो तो. तेच टायमिंग! कुणाला अजून जाणवलंय का हे, की मलाच वाटतंय?